लॅम्बर्ट हुक्सेमाचा नांगर

लॅम्बर्ट हुक्सेमा हिवाळ्यात लोकांना मासे धरायला नेतो. ब्लेकर हार्बरच्या वीजकेंद्राचं गरम पाणी एका रुंद चरातून मिशिगन सरोवरात पडतं. त्या चराच्या तोंडाशी तो बोट नांगरतो आणि गिऱ्हाईक गळ टाकून बसतं. बाकी सरोवर काठाकाठाने गोठलेलं असतं. इथलं पाणी मात्र उघडं राहतं, त्यावर वाफ तरंगते, आणि थंडीला कंटाळलेले ट्राउट ऊब घ्यायला येऊन थांबतात. मासे का येतात हे आम्हाला कोणी समजावून सांगायला लागत नाही. आम्हीही त्याच कारणासाठी ऑटेमाच्या दुकानात जाऊन बसतो.

मी त्या केंद्रात पंपांवर काम केलं. चरात पाणी ढकलणारे पंप उघडायचे, घासायचे, परत बसवायचे. काम सुटल्यापासून लॅम्बर्टच्या बोटीत जागा रिकामी असली की मी जातो. मी बोलत नाही, म्हणून तो मला नेतो. त्याला बोलणारी माणसं पैसे देणारी असली तरच चालतात.

त्याचं काम बघण्यासारखं आहे. आमिषाच्या पुरचुंड्या तो विकत आणत नाही. माशांची अंडी जाळीच्या कापडात घेऊन, दोऱ्याने आवळून, घरच्या टेबलावर स्वतः बांधतो. सगळ्या एका मापाच्या. गळाच्या काठीवरच्या कड्यांत बर्फ साचतं, ते तो नखाने काढत नाही आणि कोणाला काढू देत नाही. काठीचं टोक पाण्यात बुडवायचं, दोन श्वास थांबायचं, बर्फ आपोआप सुटतं. बोटं बधिर झालेल्या गिऱ्हाइकालाही तो तेच सांगतो. "हात बुडव. फुकट आहे." शेजारच्या बोटीत मासा लागला की आपले सगळे गळ वर घ्यायचे, म्हणजे त्यांचा दोर आपल्यात गुंतत नाही. हा चरावरचा रिवाज आहे. लॅम्बर्टला तो ओरडून सांगावा लागत नाही. तो नुसता मागे वळून बघतो.

आणि नांगर तो हाताने ओढतो. बाकी सगळ्या बोटींना विंच आहे. बटण दाबलं की मोटर दोर गुंडाळते. क्रिस्टी बोल्हाउस ही इथली सर्वांत तरुण कॅप्टन. ती एका हातात कॉफीचा पेला धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने नांगर वर घेते आणि मुद्दाम लॅम्बर्टकडे बघते.

"कॅप्टन, व्यायाम चाललाय?"

"तुझा अंगठा सांभाळ," लॅम्बर्ट म्हणतो. "मुरगळेल."

तो नांगर मी केलाय. त्याने विकतचे दोन नांगर चराच्या प्रवाहाच्या ओढीत घालवले, तेव्हा मी माझ्या शेडमध्ये जाड लोखंडी पट्टी कापून हा जोडून दिला. जड आहे. चराच्या तळाशी दगड आणि मधे मधे चिखल आहे, तिथे जडच लागतो. साखळी आणि चिकटलेला गाळ धरला तर वर घेताना धडधाकट माणसालाही कंबर आठवते.

आता ऑटेमाच्या दुकानाबद्दल. तिथे गळ, आमिष आणि कॉफी मिळते. काउंटरपुढे स्टुलं आहेत आणि त्या स्टुलांवर बसून बोललेलं आमच्या गावात मोडता येत नाही. आम्ही हॉलंडहून आलेल्यांची नातवंडं-पतवंडं, आमच्याकडे हो म्हणजे हो. ऑटेमाच्या वडिलांनी एकदा तिथे रागाच्या भरात सांगितलं होतं की मी पुन्हा त्या न्हाव्याच्या दारात पाऊल टाकणार नाही. गावात न्हावी एकच. पुढे मरेपर्यंत त्यांचे केस बायकोने कापले, आणि ते दिसत असे.

काही वर्षांपूर्वी क्रिस्टीने विंचवरून फारच छेडलं, तेव्हा लॅम्बर्ट त्याच काउंटरवर म्हणाला, "ज्या दिवशी नांगर माझ्या हातांनी वर येणार नाही, त्या दिवशी बोट विकीन."

सगळ्यांनी ऐकलं. विषय संपला.

गेल्या हिवाळ्याच्या सुरुवातीला त्याचा उजवा खांदा गेला. बर्फावरून घसरला आणि हातावर पडला. डॉक्टरने आतला स्नायू फाटल्याचं सांगितलं, आणि या वयात कापाकापी करून फार उपयोग नाही, असंही. त्या आठवड्यात मी त्याला नांगर ओढताना पाहिलं. आवाज करत नव्हता, पण तोंड उघडं होतं. नांगर आत आल्यावर तो बराच वेळ पाण्याकडे तोंड करून उभा राहिला. गिऱ्हाइकांना वाटलं, मासे बघतोय.

मी हिशेब मांडला. दोन आठवडे. फार तर तीन. मग नांगर येणार नाही आणि बोट जाईल. तो नोकरीला होता तो फर्निचरचा कारखाना बंद पडला तेव्हा लॅम्बर्ट पन्नाशीत होता आणि ही बोट घेऊन तो पुन्हा उभा राहिला होता. तिच्याशिवाय तो काय करील, याची कल्पना मला करता येईना.

आणि मग तो बरा झाला.

नांगर सरसर वर येऊ लागला. लॅम्बर्ट स्वतःच चकित झाला. त्याची बायको ट्रूडी रोज रात्री त्याच्या खांद्याला घोड्यांचं मलम चोळत होती. हिरवं, नाकाला झोंबणारं. लॅम्बर्टने ऑटेमाच्या दुकानात त्या मलमाचं असं कौतुक केलं की ऑटेमाने दोन डबे मागवून शेल्फावर ठेवले.

"डॉक्टर म्हणतो स्नायू फाटलाय," लॅम्बर्ट म्हणाला. "घोड्याला विचारा."

"घोडा काय म्हणतो?" ऑटेमाने विचारलं.

"घोडा म्हणतो, डॉक्टर बदल."

इतका खूश मी त्याला क्वचितच पाहिला होता. बोटीत बोलायला लागला. मला जरा त्रासच झाला.

जानेवारीच्या शेवटी कडाक्याची थंडी पडली. अशा थंडीत केंद्र पूर्ण जोरात चालतं, सगळे पंप लागतात आणि चराला ओढ येते. लॅम्बर्टने नेहमीच्या जागी नांगर टाकला, दोर खुंटीला अडकवला, पुरचुंड्या पाण्यात सोडल्या. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की काठावरचा खांब पुढे सरकतोय. खांब सरकत नसतो. आम्ही मागे चाललो होतो. लॅम्बर्टने इंजिन सुरू करेपर्यंत आमची बोट क्रिस्टीच्या बोटीला जाऊन घासली आणि तिच्या गिऱ्हाइकांचे सगळे दोर आमच्या इंजिनाच्या पंख्यात गुंडाळले गेले.

"कॅप्टन, भेटायला यायचं होतं तर फोन करायचा!" क्रिस्टी ओरडली.

लॅम्बर्ट हसला नाही. त्याने गुडघ्यावर बसून एकेक दोर सोडवला, तिच्या गिऱ्हाइकांची माफी मागितली, पुन्हा वर गेला, पुन्हा नांगर टाकला. बोट पुन्हा सरकली.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तो ओढीतून बाहेर, कडेच्या संथ पाण्यात जाऊन बसला. तिथे मासे नसतात. ग्रँड रॅपिड्सहून आलेले बाप-लेक दिवसभर वाफेकडे बघून परत गेले.

त्या दुपारी ऑटेमाच्या दुकानात तो कॉफी ढवळत होता. तो साखर घेत नाही.

"नांगर वर येतोय," तो म्हणाला. "पण खाली बसत नाहीये. तळ कळेनासा झालाय मला. टाकतो तिथे पकडत नाही."

"ओढ जास्त आहे," ऑटेमा म्हणाला.

"ओढ दर थंडीत असते. ती बदललेली नाही. मी बदललोय." त्याने चमचा खाली ठेवला. "हात गेला असता तर समजलं असतं. हे डोक्याचं आहे. माणसं घेऊन जातो मी. मार्चमध्ये बोटीला विक्रीची पाटी लावतो."

काउंटरवर बोललेलं होतं ते.

मी त्याच्याबरोबर त्याच्या घरी गेलो. बोट गाडीमागच्या ट्रॉलीवर होती आणि ती धुवायची होती. तो होजपाइप आणायला आत गेला, तेवढ्यात मी नांगर उचलून बाजूला ठेवायला गेलो. उचलला तो जवळजवळ छातीला लागला. मी जडाच्या तयारीने उचलला होता.

रंग तोच लाल. साखळी तीच. पण सांधा गुळगुळीत, कारखान्यातला. माझा सांधा तसा नाही. मी वेल्डिंगचे एकावर एक थर देतो, दिसायला ओबडधोबड असतो, सुटत नाही. हा नांगर माझा नव्हता. हा दुकानातला हलका नांगर होता, उन्हाळ्यात तळ्यात बदकं बघायला जाणाऱ्यांसाठी असतो तसला.

म्हणजे खांदा बरा झालेला नव्हता. आणि डोकं बिघडलेलं नव्हतं.

मी नांगर होता तसा ठेवला. बोट धुतली. दुसऱ्या दिवशी शनिवार होता. तो आमिषासाठी अंडी आणायला गेला तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दाराने आत गेलो. ट्रूडी वाटाण्याचं सूप ढवळत होती.

"बूट काढ," ती म्हणाली.

मी काढले. "खरा नांगर कुठे आहे?"

ती ढवळत राहिली. मग म्हणाली, "तळघरात. बटाट्यांच्या मागे."

"एकटीने नेलास?"

"सेलरीच्या शेतात वाढलेय मी, नॉर्म. पेट्या उचलत. तो नांगर म्हणजे काय, एक पेटी."

"बोट घसरतेय, ट्रूडी."

"ते मला काय माहीत? मला वाटलं नांगर म्हणजे नांगर. पाण्यात बुडतो ना, मग झालं."

"त्याला वाटतंय, त्याचं डोकं कामातून गेलंय."

तिने चमचा भांड्यावर आडवा ठेवला आणि खुर्चीवर बसली. ट्रूडी दिवसा बसलेली मी पाहिली नव्हती.

"माझ्या वडिलांनी शेत सोडलं आणि खिडकीशी बसले," ती म्हणाली. "पुढचं शेत दुसरा करत होता, ते बघत बसले. वर्षसुद्धा काढलं नाही. आईने त्यांच्यापुढे ताट ठेवायचं आणि तसंच उचलायचं. मला ते करायचं नाहीये."

"हो."

"लॅम्बर्ट पुरचुंड्या बांधताना गुणगुणतो. तुला माहीत नसेल. तुला तो पाण्यावर भेटतो, तिथे तो गप्प असतो. इथे या टेबलावर, रोज संध्याकाळी. चर्चमधली गाणी, सगळी बेसूर." तिने एप्रनला हात पुसले, ते कोरडेच होते. "मलम पण खोटंच म्हणायचं. सर्दीचं आहे ते. मी हिरवा रंग घातला."

मला हसू आलं, पण मी ते दाबलं. "त्याला सांगावं लागेल."

"तू सांग."

"नाही. लपवलंस तू."

"तो माझ्याशी बोलणार नाही."

"तो तसाही फार बोलत नाही."

"तू कोण सांगणारा!" ती उठली आणि पुन्हा ढवळू लागली. "जा. बूट घाल. संध्याकाळी सांगते."

रविवारी आमच्याकडे बोट बाहेर निघत नाही, गवत कापलं जात नाही, काही होत नाही. चर्चमध्ये मी त्यांच्या मागच्या बाकावर बसतो. प्रवचन सुरू झालं की ट्रूडी पर्समधून पेपरमिंट काढते, एक स्वतःला, एक लॅम्बर्टला. हे त्यांच्या लग्नाइतकंच जुनं आहे. त्या दिवशी तिने हात पुढे केला. लॅम्बर्ट पाद्रीकडे बघत राहिला. हात तसाच. शेवटी त्याने पेपरमिंट घेतलं आणि तोंडात न टाकता कोटाच्या खिशात ठेवलं. ट्रूडीचे कान मागून लाल झालेले दिसले.

बाहेर पडताना तो माझ्याजवळ आला. "उद्या येतोस?"

"गिऱ्हाईक कोण?"

"फर्न ब्राउअर. ती चालेल. ती घाबरत नाही."

फर्न शाळेची बस चालवायची, आता घरी असते. दर फेब्रुवारीत एकदा येते, दोन मासे नेते, एक भावाला देते.

सोमवारी पहाटे जुना नांगर बोटीत होता. नांगराच्या कडीत बटाट्याची माती होती. लॅम्बर्टने ती बोटाने काढली. चराच्या तोंडाशी त्याने नांगर टाकला. दोर ताणला गेला, बोट एकदा थरथरली आणि थांबली. काठावरचा खांब जागच्या जागी राहिला. लॅम्बर्ट त्या खांबाकडे इतका वेळ बघत उभा होता की फर्न म्हणाली, "तो पळणार आहे का?"

"नाही," तो म्हणाला. "आता नाही."

पुरचुंडी वाफेखालून वाहत गेली. फर्नला पहिला मासा लवकर लागला, दुसऱ्याने तिला रडवलं. लॅम्बर्टने डाव्या हाताने जाळं धरून दोन्ही आत घेतले. मग दुपार झाली, आणि निघायचं होतं.

तो पुढे गेला. "नॉर्म, इंजिन पुढे घे. थोडं. अजून थोडं. बास."

दोर सैल पडून उभा झाला. आता पुढचं वजन हातांवर होतं. त्याने ओढायला सुरुवात केली. एक हात, दुसरा हात. तिसऱ्या वेळी उजवा हात खांद्याच्या वर गेला नाही. त्याने दोराचा वेढा खुंटीला दिला आणि थांबला. श्वास घेतला. वेढा सोडला, डाव्या हाताने थोडा दोर आत घेतला, पुन्हा वेढा दिला. पुन्हा थांबला. नांगर तळापासून सुटला तशी बोट ओढीत मागे जायला लागली, मी इंजिनवर ती सांभाळत राहिलो. तेवढंच माझं काम होतं आणि ते मी नीट केलं.

फर्नने काठी खाली ठेवली. "मी बोलू का?"

"नको," लॅम्बर्ट म्हणाला.

"हात लावू?"

"नको."

फर्न बसली. तिने हातमोजे काढले, पुन्हा घातले.

मी डावीकडे बघितलं. क्रिस्टीने तिच्या बोटीतले सगळे गळ वर घेतले होते. तिच्या पलीकडच्या बोटीतही घेतले होते. मासा कोणालाच लागलेला नव्हता. क्रिस्टीच्या हातात कॉफी नव्हती. ती नुसती उभी होती आणि तिच्या गिऱ्हाइकांनाही तिने गप्प बसवलं होतं.

दोर वीतभर, वीतभर येत होता. लॅम्बर्टच्या दाढीवर बर्फ होतं आणि कपाळावर घाम. एकदा दोर निसटला आणि जे मिळवलं होतं त्यातलं बरंचसं परत गेलं. त्याने शिवी दिली नाही. त्याने हात गरम पाण्यात बुडवले, पुसले आणि पुन्हा धरला. मी पंपांवर आयुष्य काढलं, जोर लावणारी माणसं खूप पाहिली. जोर संपल्यावर नीट काम करणारी थोडीच असतात.

नांगर आला. चिखलाने माखलेला. लॅम्बर्टने तो आपटला नाही. मांडीवर घेऊन खाली ठेवला आणि त्याच्याशेजारी बसला.

"फर्न, माफ कर," थोड्या वेळाने तो म्हणाला. "ताटकळत ठेवलं तुला."

"बस चालवायचे मी," फर्न म्हणाली. "बुटाच्या नाड्या बांधून होईपर्यंत थांबायची सवय आहे."

तो हसला. मग त्याने सरोवराकडे बघितलं. बर्फाचा तरंगता पट्टा काठापासून दूर होता, वारा जमिनीकडून होता.

"नॉर्म. वारा पश्चिमेचा, सरोवराकडून असता आणि बर्फ आत आलं असतं तर?"

"दोर कापला असता."

"मी कापला असता का?"

उत्तर दोघांनाही माहीत होतं. शब्द मोडू नये म्हणून तो ओढतच राहिला असता, आणि फर्न बोटीत असती.

ऑटेमाच्या दुकानात आम्ही पोचण्याआधी बातमी पोचली होती. क्रिस्टी काउंटरशी होती. ऑटेमाने लॅम्बर्टपुढे कॉफी ठेवली. "आला म्हणे."

"आला," लॅम्बर्ट म्हणाला. तो स्टुलावर बसला नाही. "पण फार वेळ लागला. माणसं बोटीत असताना इतका वेळ लावायचा नसतो. मी इथे एक बोललो होतो. ते मी मागे घेतो."

त्या दुकानात असं वाक्य कोणी बोललेलं मी ऐकलेलं नाही. क्रिस्टी कॉफीच्या पेल्यात बघत होती.

"बोट विकत नाही," तो पुढे म्हणाला. "पण नांगर यापुढे एकट्याने ओढणार नाही."

"शेवटी विंच," ऑटेमा म्हणाला, पण हळू.

"विंच नाही. विंचशी भांडता येत नाही. ट्रूडी."

कोणीतरी खोकलं. ऑटेमाने काउंटर पुसला. "ट्रूडीला विचारलंस?"

"अजून नाही."

"ती बोलते का तुझ्याशी?"

"मीच बोलत नव्हतो," लॅम्बर्ट म्हणाला. त्याने कोटाच्या खिशातून पेपरमिंट काढलं, त्याला चिकटलेला लोकरीचा धागा काढला, आणि तोंडात टाकून घरी गेला.

तिने काय उत्तर दिलं, ते मला तिच्याकडूनच कळलं. ती म्हणाली, इतकी वर्षं का नाही नेलंस? तो म्हणाला, तू विचारलं नाहीस. ती म्हणाली, तू बोलावलं नाहीस. त्यावर दोघं सूप प्यायली.

आता ती रोज असते. तिच्या वडिलांचे शेतातले रबरी बूट घालते, गिऱ्हाइकांना बदामाचा रोल कापून देते, आणि नांगर काढायची वेळ झाली की लॅम्बर्टच्या मागे उभी राहून दोर धरते. मग सगळ्या चराला ऐकू जातं.

"ओढ!"

"ओढतेय! तू ओढ!"

"एकदम नाही. माझ्याबरोबर."

"मग लवकर हो की. अर्धा मिशिगन वाट बघतोय."

क्रिस्टी म्हणते, या आवाजाने मासे पळतील. पळत नाहीत. काल मी इंजिनवर होतो. नांगर पाण्याबाहेर आला, ट्रूडीने तो एका हाताने आत घेतला, आणि लॅम्बर्ट मधे कडमडत म्हणाला, "हळू, हळू, रंग जाईल."

"बाजूला हो," ती म्हणाली. "पायात येतोस."